जादूचे प्रयोग, संभाव्यता आणि गणित : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात गणेशोत्सवाच्या दिवसांत संध्याकाळची आरती आटोपली, की मुलांसाठी मी पत्त्यांचे आणि अंकांचे प्रयोग करून दाखवतो. प्रयोगानंतर मुले, त्यांचे पालक आणि आजी-आजोबा जे प्रश्न विचारतात, त्यांतील पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे उत्तरांसह लिहिले आहेत. प्रत्येक प्रयोगाचे रहस्य मी मुद्दाम उघड केले आहे आणि त्याचे कारणही पुढे एका उत्तरात दिले आहे.

गणिती जादू आणि हातचलाखी यांत फरक कोणता?

हातचलाखीचा प्रयोग करणाऱ्याच्या बोटांवर अवलंबून असतो आणि ती बोटे तयार होण्यासाठी वर्षानुवर्षांचा सराव लागतो. गणिती प्रयोगात बोटांना फारसे काम नसते. तेथे प्रेक्षकाने काहीही निवडले, कितीही उलटापालट केली, तरी एखादी गोष्ट मुळीच बदलत नाही, आणि ती न बदलणारी गोष्ट कोणती हे फक्त प्रयोग करणाऱ्याला ठाऊक असते. प्रेक्षकाचे सारे लक्ष बदलणाऱ्या गोष्टींकडे असते, म्हणून त्याला आश्चर्य वाटते.

याखेरीज एक तिसरा प्रकारही आहे. त्यात प्रयोग यशस्वी होण्याची खात्री नसते, पण यशाची शक्यता प्रेक्षकाच्या अंदाजापेक्षा पुष्कळ जास्त असते. पहिल्या प्रकारामागे सिद्धता असते, तर या प्रकारामागे संभाव्यता असते. हा भेद प्रयोग शिकणाऱ्याने पहिल्या दिवसापासून मनात स्पष्ट ठेवावा, असे मला फार वाटते. 'नेहमी' आणि 'बहुधा' या दोन शब्दांत गल्लत झाली, तर गणितही कळत नाही आणि प्रयोगही फसतो.

इस्पिक, बदाम, चौकट, किलवर ही नावे आमच्या मुलांना समजत नाहीत. काय करावे?

ग्वाल्हेरची बहुतेक मराठी मुले शाळेत आणि गल्लीत हिंदी बोलतात, त्यामुळे त्यांना हुकुम, पान, ईंट आणि चिडी हीच नावे ओळखीची असतात. मराठीत हुकूम म्हणजे त्या डावातला वरचढ रंग, तर हिंदीत हुकुम म्हणजे इस्पिक. आजोबा एक बोलतात आणि नातू दुसरेच समजतो, हे मी अनेकदा पाहिले आहे. प्रयोगापूर्वी चारही रंगांचे एक्के समोर ठेवून दोन्ही नावे एकदा उच्चारावीत. गणितातही हेच घडते, कारण मुलांना शाळेत 'प्रायिकता' शिकवतात आणि आपण घरी 'संभाव्यता' म्हणतो.

लहान मुलाने सुरुवात कोणत्या प्रयोगाने करावी?

लपवलेला अंक ओळखण्याच्या प्रयोगाने करावी. प्रेक्षकाला मनातील कोणतीही मोठी संख्या कागदावर लिहायला सांगावे, उदाहरणार्थ ५२७१४. मग तेच अंक हवे तसे उलटसुलट करून दुसरी संख्या लिहायला सांगावी, समजा १४५७२. मोठ्या संख्येतून लहान संख्या वजा केली की ३८१४२ उरतात. आता प्रेक्षकाने या उत्तरातील एका अंकाभोवती मनातल्या मनात वर्तुळ काढावे आणि उरलेले अंक कोणत्याही क्रमाने मोठ्याने वाचावेत. त्याने ८ लपवून ३, १, ४, २ असे वाचले, तर त्यांची बेरीज १० होते. दहाच्या पुढची नऊच्या पाढ्यातील संख्या १८ आहे, म्हणून लपवलेला अंक ८.

याचे कारण आपल्या संख्यालेखनाच्या पद्धतीत आहे. दहा हजारांच्या घरातील ५ म्हणजे ५०,०००, आणि ५०,००० म्हणजे पाच वेळा ९,९९९ अधिक ५. म्हणजेच नऊने भागल्यावर त्या पाचाची बाकी ५ च राहते, मग तो कोणत्याही घरात असो. म्हणून कोणत्याही संख्येला नऊने भागल्यास जी बाकी उरते, तीच तिच्या अंकांच्या बेरजेला नऊने भागल्यासही उरते. अंकांची जागा बदलली तरी बेरीज बदलत नाही, बाकीही बदलत नाही, आणि दोन समान बाकीच्या संख्यांची वजाबाकी नऊने नि:शेष भागली जाते. प्रेक्षकाने अंक कसेही फिरवले, तरी तो नऊच्या पाढ्याबाहेर जाऊ शकत नाही.

या प्रयोगात 'शून्याभोवती वर्तुळ काढू नका' असे का सांगतात?

कारण वाचलेल्या अंकांची बेरीज ९, १८ किंवा २७ आली, तर लपवलेला अंक ० आहे की ९, हे कळण्याचा कोणताही मार्ग नसतो. सुरुवातीच्या एका वर्षी मी ही सूचना द्यायला विसरलो, एका लहान मुलीने नेमके शून्य लपवले आणि मी सगळ्यांसमोर मोठ्या विश्वासाने नऊ सांगितले. तिने कागद दाखवला, तेव्हा आमच्या अंगणातल्या साऱ्या मुलांना नऊ आणि शून्य यांचे नाते एका क्षणात समजले. तेव्हापासून 'शून्य स्वतःच वर्तुळ आहे, त्याला आणखी वर्तुळ नको' असे म्हणून मी ही अट प्रयोगातच मिसळून टाकतो.

शून्याची गोष्ट निघाली की ग्वाल्हेरच्या माणसाला किल्ल्यावरचे चतुर्भुज मंदिर आठवल्यावाचून राहत नाही. किल्ला चढताना लागणाऱ्या, खडकात कोरलेल्या या लहानशा मंदिरातील विक्रम संवत ९३३ च्या, म्हणजे इ.स. ८७६ च्या शिलालेखात २७० हात लांब आणि १८७ हात रुंद अशा बागेच्या जमिनीचा आणि देवाला रोज वाहायच्या ५० माळांचा उल्लेख आहे. २७० आणि ५० या दोन्ही संख्यांतील शून्य आपल्या आजच्या शून्यासारखेच, छोट्या वर्तुळाच्या आकाराचे आहे. हे जगातील सर्वांत जुने शून्य असल्याचे आपल्याकडे सर्रास सांगितले जाते, परंतु कंबोडियातील शके ६०५ च्या, म्हणजे इ.स. ६८३ च्या शिलालेखात शून्यासाठी टिंब वापरलेले आढळते आणि ते याहून जुने आहे. ग्वाल्हेरच्या लेखाचे मोल त्यामुळे कमी होत नाही. एका बागेच्या मापासारख्या अगदी रोजच्या व्यवहारात स्थानमूल्याची पद्धत किती सहज रुळली होती, हे तो दाखवतो, आणि वर सांगितलेला प्रयोग पूर्णपणे याच पद्धतीवर उभा आहे. रोमन अंकांत लिहिणाऱ्याला तो करताच आला नसता.

पाकिटातील भाकिताचा प्रयोग कसा होतो?

हा प्रयोग दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांच्या शोधावर आधारलेला आहे. १९०५ मध्ये डहाणूला जन्मलेले कापरेकर नाशिकजवळच्या देवळालीत शाळाशिक्षक होते. विद्यापीठात कोणतेही पद नसताना ते आयुष्यभर अंकांशी रमले. १९४९ मध्ये त्यांनी ६१७४ या संख्येचा एक विलक्षण गुणधर्म शोधला.

कागदावर ६१७४ लिहून तो पाकिटात बंद करून ठेवावा. प्रेक्षकांनी कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, मात्र तिचे चारही अंक सारखे नसावेत. त्या अंकांपासून मोठ्यात मोठी आणि लहानात लहान संख्या तयार करून वजाबाकी करावी आणि आलेल्या उत्तरावर हेच पुन्हा करत राहावे. मध्येच तीन अंकी उत्तर आले, तर पुढे शून्य लिहून ते चार अंकी करावे. आमच्याकडे मुले बहुधा १८५८ हे वर्ष निवडतात, कारण राणी लक्ष्मीबाई ग्वाल्हेरला धारातीर्थी पडल्या ते हे वर्ष. ८८५१ मधून १५८८ वजा केल्यास ७२६३ येतात, त्यापुढे ५२६५, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि शेवटी ६१७४. पुढे कितीही वेळा केले तरी ६१७४ च येत राहतात. कोणत्याही संख्येला येथे पोचायला सातपेक्षा जास्त पायऱ्या लागत नाहीत.

असे का होते, याचे एका ओळीत उत्तर देता येत नाही, पण पूर्ण तपासणी मात्र एका दुपारी करता येते. वजाबाकीचे उत्तर केवळ दोन फरकांवर ठरते: सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान अंकातील फरक, आणि मधल्या दोन अंकांतील फरक. पहिला फरक ९९९ ने आणि दुसरा ९० ने गुणून बेरीज केली की उत्तर मिळते. पहिला फरक १ ते ९ असू शकतो आणि दुसरा त्यापेक्षा मोठा असू शकत नाही, म्हणून अशा जोड्या फक्त ५४ होतात. नऊ हजारांच्या आसपास संख्या तपासायच्या कामाचे ५४ ओळींत रूपांतर होते. सातवी-आठवीच्या मुलांनी वहीत हा तक्ता भरून पाहावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

मराठी वृत्तांतील गणांचा पत्त्यांच्या जादूशी संबंध आहे, असे ऐकले. हे खरे आहे का?

खरे आहे, आणि मला स्वतःला सर्वांत प्रिय असलेला प्रयोग हाच आहे.

तीन अक्षरांचा एक गण होतो आणि प्रत्येक अक्षर लघु (उच्चाराला आखूड) किंवा गुरु (उच्चाराला लांब) असते, म्हणून गण आठच. ते लक्षात ठेवण्यासाठी शाळेत 'यमाचा, मानावा, ताराप, राधिका' असे आठ शब्द पाठ करून घेत असत. त्यांत एकूण चोवीस अक्षरे होतात. संस्कृत परंपरेतील 'यमाताराजभानसलगम्' हे सूत्र तेच काम दहा अक्षरांत करते. त्यातील पहिल्या आठांपैकी कोणत्याही अक्षरापासून सलग तीन अक्षरे घेतली की त्या अक्षराच्या नावाचा गण मिळतो: यमाता म्हणजे लघु-गुरु-गुरु, मातारा म्हणजे तीनही गुरु, नसल म्हणजे तीनही लघु. एकही गण सुटत नाही आणि एकही दोनदा येत नाही. आणखी बारकाईने पाहिले, तर शेवटची 'लगम्' ही अक्षरे लघु-गुरु आहेत आणि सुरुवातीची 'यमा' हीदेखील लघु-गुरुच. म्हणजे सूत्राची शेपटी त्याच्या तोंडात देऊन वर्तुळ केले, तर आठ अक्षरेच पुरतात.

आता लघु म्हणजे काळा पत्ता आणि गुरु म्हणजे लाल पत्ता असे ठरवावे आणि वरून खाली या क्रमाने आठ पत्ते लावावेत: इस्पिक एक्का, बदाम राजा, चौकट दुर्री, बदाम सत्ती, किलवर राणी, चौकट दश्शी, किलवर पंजी, इस्पिक नव्वी. हा गठ्ठा प्रेक्षकांनी कितीही वेळा कापावा. कापल्याने वरचा भाग खाली जातो, परंतु वर्तुळाकार क्रम तसाच राहतो. मग तिघांनी वरून एकेक पत्ता घ्यावा आणि तो मनात ठेवावा. 'ज्यांच्या हाती लाल पत्ता आहे, त्यांनी उभे राहावे' असे सांगितले, की काम झाले. पहिला उभा, दुसरा बसलेला आणि तिसरा उभा असेल, तर तो र गण झाला; राजभा ही सूत्रातील चौथी, पाचवी आणि सहावी अक्षरे आहेत, म्हणून पत्ते बदाम सत्ती, किलवर राणी आणि चौकट दश्शी. तिघांपैकी फक्त शेवटचा उभा राहिला, तर स गण. सलगम् म्हणजे आठवा पत्ता आणि वर्तुळ पूर्ण करून पुन्हा पहिला व दुसरा.

आठ पत्ते पाहून चौकस माणसाला संशय येतोच, म्हणून रंगमंचावर हा प्रयोग बत्तीस पत्ते आणि पाच प्रेक्षक घेऊन करतात. पाच जणांच्या लाल-काळ्याच्या शक्यता बत्तीसच होतात आणि प्रत्येक शक्यता नेमकी एकदा यावी अशी वर्तुळाकार मांडणी करता येते. डच गणितज्ञ डी ब्राउन यांनी १९४६ मध्ये अशा मांडण्यांची संख्या सिद्ध केली, म्हणून त्या मांडण्यांना त्यांचे नाव मिळाले आहे. तिघांसाठी अशा मांडण्या दोन आहेत, चौघांसाठी सोळा आणि पाच जणांसाठी दोन हजार अठ्ठेचाळीस. पेशींतील जनुकीय माहितीचे सुटे तुकडे सलग जोडण्याच्या आजच्या संगणकीय पद्धतींतही हीच कल्पना वापरली जाते. छंदःशास्त्राच्या अभ्यासकांनी ती पत्त्यांसाठी किंवा जनुकांसाठी शोधली नव्हती; त्यांना केवळ आठ गण विसरायचे नव्हते.

कापण्याने क्रम बिघडत नाही हे समजले. पण पत्ते पिसल्यावर तरी बिघडतो ना?

बिघडतो, पण आपण समजतो तितका नाही. बावन्न पत्त्यांचे क्रम किती असू शकतात, हे लिहायला ६८ अंकी संख्या लागते. एवढ्या क्रमांपैकी कोणताही क्रम जवळजवळ सारख्याच शक्यतेने यावा, यासाठी किती वेळा पिसावे, याचे उत्तर डेव्ह बेयर आणि पर्सी डायकोनिस या गणितज्ञांनी १९९२ मध्ये दिले. कॅटचे दोन भाग करून, ते समोरासमोर धरून, अंगठ्यांनी फर्रकन सोडत एकमेकांत गुंफण्याच्या पद्धतीने सुमारे सात वेळा पिसावे लागते. आपल्याकडे घरोघरी पत्ते हातातल्या हातात, थोडे थोडे खाली टाकत पिसतात. ती पद्धत फारच संथ आहे आणि गणिताच्या हिशेबाने तिला हजारो फेरे लागतात. मेंढीकोटाच्या एका डावातील पत्त्यांची झुंड पुढच्या डावात पुन्हा एकत्र येते, ही तक्रार म्हणून खोटी नाही.

डायकोनिस यांचे नाव येथे केवळ ओघात आलेले नाही. चौदाव्या वर्षी घर सोडून ते डाय व्हर्नन या प्रसिद्ध जादूगाराबरोबर फिरू लागले, आणि पत्त्यांच्या खेळातील प्रश्न सोडवायचे म्हणून पुढे संभाव्यतेकडे वळले. स्टॅनफर्डला ते या विषयाचे प्राध्यापक झाले.

पिसल्यावरही टिकणाऱ्या क्रमाचे एक सुंदर उदाहरण नॉर्मन गिलब्रेथ यांनी १९५८ मध्ये प्रसिद्ध केले. पत्ते एक लाल, एक काळा असे लावावेत, दोन भागांचे सर्वांत खालचे पत्ते वेगळ्या रंगांचे येतील असा कॅट कापावा आणि प्रेक्षकाकडून तो एकदा गुंफून घ्यावा. आता वरून दोन-दोन पत्ते काढत गेले, तर प्रत्येक जोडीत एक लाल आणि एक काळा पत्ता निघतो. गुंफताना पहिला पत्ता लाल पडला असे समजू. त्याच्या गठ्ठ्यात आता खाली काळा पत्ता आला आणि दुसऱ्या गठ्ठ्याच्या खाली तर काळाच होता. पुढचा पत्ता कोणत्याही हातातून पडो, तो काळाच असणार. तो पडल्यावर दोन्ही गठ्ठ्यांखाली पुन्हा वेगवेगळे रंग येतात आणि हीच स्थिती शेवटपर्यंत चालू राहते.

संभाव्यतेवर आधारलेला प्रयोग कोणता, आणि तो फसला तर काय?

सर्वांत सोपा प्रयोग दोन कॅटांचा. दोन प्रेक्षकांनी आपापला कॅट मनसोक्त पिसावा आणि दोघांनी एकाच वेळी वरून एकेक पत्ता उघडत जावे. 'कधी तरी दोघांचा पत्ता तंतोतंत तोच निघेल' असे भाकीत आपण आधीच करावे. बहुतेकांना ही शक्यता अगदी किरकोळ वाटते, प्रत्यक्षात ती सुमारे ६३ टक्के असते. बावन्नऐवजी एकाच रंगाचे तेरा-तेरा पत्ते घेतले, तरीही ती जवळपास तेवढीच राहते. पत्ते वाढले की जुळण्याच्या संधी वाढतात, पण प्रत्येक संधी तितकीच दुबळी होते, म्हणून असे घडते. पियेर मोंमोर या फ्रेंच गणितज्ञाने १७०८ मध्येच तेरा पत्त्यांच्या एका खेळाच्या निमित्ताने हा प्रश्न मांडला होता.

याहून प्रभावी प्रयोग मार्टिन क्रुस्कल या भौतिकशास्त्रज्ञाच्या नावाने ओळखला जातो. पिसलेला कॅट उघडा मांडावा. प्रेक्षकाने १ ते १० मधील एक संख्या मनात धरून तितक्याव्या पत्त्यावर जावे. त्या पत्त्यावर जो आकडा असेल तितकी घरे पुढे जावे, एक्क्याला एक आणि गुलाम, राणी, राजा यांना पाच मानावे, आणि पुढे जाता येईनासे होईपर्यंत असेच चालावे. प्रयोग करणारा त्याच वेळी पहिल्या पत्त्यापासून मुकाट्याने स्वतःची वाटचाल करतो आणि स्वतः जेथे थांबला तोच प्रेक्षकाचा पत्ता म्हणून सांगतो. साधारण ८५ टक्के वेळा तो बरोबर निघतो. दोघांच्या वाटा सुरुवातीला वेगळ्या असल्या, तरी एकदा का एका पत्त्यावर दोघांचे पाऊल पडले, की तेथून पुढची वाट दोघांना एकच असते, आणि बावन्न पत्त्यांच्या प्रवासात असे पाऊल पडण्याच्या संधी पुष्कळ मिळतात. वर्तमानपत्रातील एखादा परिच्छेद घेऊन, शब्दांतील अक्षरे मोजत हाच प्रयोग करता येतो आणि मुलांना तो फार आवडतो.

सातांपैकी एखाद्या वेळी हा प्रयोग फसणारच. तेव्हा सारवासारव न करता 'पुन्हा करू' असे सांगावे आणि दहा वेळा करून फळ्यावर नोंद ठेवावी. नोंद ठेवल्यावर ८५ टक्के म्हणजे काय, हे मुलांना कोणत्याही व्याख्येपेक्षा चांगले समजते.

तेवीस माणसांत दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी येतो, हे खरे का?

येतोच असे नाही. येण्याची शक्यता ५० टक्क्यांहून किंचित अधिक असते. चाळीस माणसे असतील तर ती ८९ टक्क्यांवर जाते. तेवीस माणसांच्या जोड्या २५३ होतात, आणि आपण मात्र अंदाज करताना फक्त स्वतःच्या वाढदिवसाचा विचार करतो, म्हणून चुकतो.

नाण्याचा छापा-काटा तरी अगदी निम्मानिम्मा असतो ना?

अगदी नाही. हवेत उडवून हातात झेललेले नाणे उडवताना जी बाजू वर होती, त्याच बाजूने पडण्याची शक्यता किंचित जास्त असते. डायकोनिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये गणिताने ती सुमारे ५१ टक्के काढली, आणि २०२३ मध्ये साडेतीन लाखांहून अधिक वेळा नाणी उडवून केलेल्या प्रयोगात ती ५०.८ टक्के आली. एका उडवणीत हा फरक जाणवत नाही.

दोन भावंडांनी मिळून करण्यासारखा प्रयोग आहे का?

फिच चेनी या गणितज्ञांचा पाच पत्त्यांचा प्रयोग करावा. प्रेक्षक कॅटमधून कोणतेही पाच पत्ते बहिणीला देतो. ती त्यांतील एक परत करते आणि उरलेले चार एका ओळीत मांडते. बाहेर थांबलेला भाऊ आत येतो, चार पत्ते पाहतो आणि पाचवा सांगतो. एकही खूण, खोकला किंवा इशारा नसतो.

रंग चार आणि पत्ते पाच, म्हणून एका रंगाचे दोन पत्ते असणारच. तेरा पत्ते वर्तुळात मांडले, राजानंतर पुन्हा एक्का, असे कल्पिले, तर त्या दोहोंपैकी एकापासून दुसऱ्यापर्यंत पुढे जायला सहापेक्षा जास्त घरे लागत नाहीत. जेथून निघायचे तो पत्ता ओळीत पहिला ठेवावा आणि जेथे पोचायचे तो प्रेक्षकाला परत द्यावा. उरलेले तीन पत्ते लहान, मधला आणि मोठा असे धरले, तर त्यांचे क्रम सहा होतात आणि ते १ ते ६ हे अंक सांगायला बरोबर पुरतात. समजा बदाम तिर्री, बदाम नव्वी, इस्पिक राजा, किलवर पंजी आणि चौकट दुर्री असे पत्ते आले. तिर्रीपासून नव्वी सहा घरे पुढे आहे. बहिणीने नव्वी परत द्यावी, तिर्री पहिली ठेवावी आणि सहासाठी ठरवलेल्या उतरत्या क्रमाने राजा, पंजी, दुर्री मांडावेत. सारख्या आकड्याचे पत्ते आले तर रंगांचा क्रम आधी ठरवून ठेवावा. दोघांनी आठवडाभर रोज दहा मिनिटे सराव केला, तर प्रयोग सफाईने जमतो.

आजोबांच्या पंचाहत्तरीला करता येईल असे काही आहे का?

त्यांच्या वयाचा जादूचा चौरस तयार करावा. चार ओळी अशा लिहाव्यात: ८, ११, ५५, १, त्याखाली ५४, २, ७, १२, मग ३, ५७, ९, ६, आणि शेवटी १०, ५, ४, ५६. आडव्या, उभ्या आणि दोन्ही तिरप्या ओळींची बेरीज ७५ येते. यांतील चारच मोठ्या संख्या बदलायच्या असतात: वयातून २०, २१, १८ आणि १९ वजा करून त्या अनुक्रमे ५५, ५४, ५७ आणि ५६ च्या जागी लिहाव्यात. प्रत्येक ओळीत अशी एकच संख्या येते, म्हणून बेरीज जमते. ३४ आणि त्यापुढील कोणत्याही वयासाठी हे चालते आणि एकही संख्या दोनदा येत नाही.

चौतीस ही संख्या आपल्या प्रदेशात फार जुनी ओळखीची आहे. खजुराहोच्या पार्श्वनाथ जैन मंदिरात कोरलेला चौरस, चार-चार संख्यांच्या ओळींनी, असा आहे: ७, १२, १, १४, २, १३, ८, ११, १६, ३, १०, ५, ९, ६, १५, ४. याला चौतिसा यंत्र म्हणतात. त्यात तुटक तिरप्या ओळींचीही, म्हणजे एका कडेला संपून समोरच्या कडेपासून पुढे चालू होणाऱ्या ओळींचीही, बेरीज ३४ येते, जे माझ्या वरच्या चौरसाला जमत नाही. नारायण पंडितांनी १३५६ मध्ये लिहिलेल्या 'गणितकौमुदी'त अशा चौरसांसाठी 'भद्रगणित' हे स्वतंत्र प्रकरण आहे.

काही माणसे मनातले ओळखतात, सामन्यांचे निकाल आधी सांगतात. ती सिद्धी म्हणावी का?

येथे मला स्पष्ट बोलणे आवश्यक वाटते. समजा, कोणी चौसष्ट अनोळखी लोकांना क्रिकेटच्या एका सामन्याचे भाकीत पाठवले, निम्म्यांना एक संघ जिंकेल असे आणि निम्म्यांना दुसरा. सामन्यानंतर ज्या बत्तिसांना बरोबर भाकीत मिळाले, त्यांनाच पुढच्या सामन्याचे भाकीत पुन्हा निम्मेनिम्मे पाठवले. सहा सामन्यांनंतर असा एक माणूस उरतो, ज्याला सलग सहा अचूक भाकिते मिळालेली असतात. त्याच्या दृष्टीने हा चमत्कारच असतो, कारण उरलेले त्रेसष्ट जण त्याला दिसत नाहीत. सातव्या भाकितासाठी तो पैसे द्यायला तयार होतो. म्हणून कोणी चमत्कार सांगितला, की न दिसणारे त्रेसष्ट कोठे आहेत, हे विचारण्याची सवय मुलांना लावावी.

जादूगार रहस्य सांगत नाहीत, मग आपण का सांगता?

व्यावसायिक जादूगाराचा चरितार्थ त्याच्या रहस्यांवर चालतो आणि त्यांचा मान राखलाच पाहिजे. कोणाचा खास प्रयोग मी कधीही उघड करत नाही. येथे दिलेले प्रयोग मात्र गणिताच्या अभ्यासात उघडपणे शिकवले जातात. एक पथ्य मी मुलांना घालून दिले आहे: प्रेक्षकाने 'कसे केले?' असे विचारताच उत्तर देऊ नये, आधी त्याला स्वतः शोधण्यासाठी एक दिवस द्यावा. दुसऱ्या दिवशी आरतीला येताना जो आपला तर्क घेऊन येतो, त्याला मी पूर्ण सिद्धता समजावतो, आणि त्याचा तर्क चुकीचा असला तर आधी तो कोठे अडतो ते दोघे मिळून पाहतो.

साहित्य काय लागते?

साधा, शक्यतो कागदी कॅट, वही आणि पेन्सिल. महाराज बाड्याच्या आसपास कोठेही मिळणारा स्वस्त कॅट पुरतो. प्लास्टिकचे पत्ते घसरतात आणि लहान हातांना ते गुंफता येत नाहीत.

हे सारे येऊ लागल्यावर पुढे काय करावे?

चौघांसाठी सोळा पत्त्यांची वर्तुळाकार मांडणी स्वतः शोधावी. ओळीने चार काळे पत्ते ठेवून सुरुवात करावी आणि पुढचा पत्ता प्रत्येक वेळी शक्य असेल तर लालच ठेवावा. चार पत्त्यांची एखादी जुळणी आधी येऊन गेली असेल, तेव्हाच काळा ठेवावा. शेवटचे तीन काळे पत्ते सुरुवातीच्या पत्त्यांवर येऊन मिळेपर्यंत हे करत जावे. मग सोळाही जुळण्या बोटाने मोजून पाहाव्यात, आणि हा नियम मध्येच का अडत नाही, याचा विचार करावा.